सुईनं गेलं की शुगरनं

१२ जून
पट्टी काढली. डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मधल्या पेरापासून नाही. बघून घेतलं. गणवेशाच्या कारखान्यात मशीनची सुई नखातून आरपार गेली, त्याला दीड महिना. शेजारच्या मशीनवरच्या सुमननं मशीन थांबवून हात सोडवला होता. मग सूज, पू. काळं पडलं. कापलं.

१९ जून
कारखान्यात गेले. मालक म्हणाले, "सुई सगळ्यांनाच लागते. बोट कुणाचं गेलंय का? तुमचं शुगरनं गेलं." विम्याच्या डॉक्टरनंही तसंच लिहून दिलंय. परत कामावर घेणार का, विचारलं. "बघू." कापड सुईखाली सरकवायला हेच बोट लागतं, त्यांनाही माहीत आहे.

३ जुलै
वकीलबाईंकडे. दावा कामगार कोर्टात लावायचा. त्यांनी विचारलं, "शुगर आधीपासून होती का? गोळ्या?" मी नाही म्हणून बसले. का, कोण जाणे. गोळ्या दोन वर्षं चालू आहेत. मधे मधे राहतात.

४ जुलै
ह्यांना सांगितलं. "कुणाला म्हाईत हाय? गप ऱ्हा की." डॉक्टरच्या चिठ्ठ्या कपाटात. जेवण गेलं नाही.

१० जुलै
चिठ्ठ्या घेऊन एकटीच गेले. ह्यांना नवी पेठेत बाजाराला जाते म्हटलं. वकीलबाई चिडतील वाटलं. त्यांनी एकेक वाचली, तारखेनं लावली. "लपवलं असतं तर यातच बुडालो असतो. शुगर असणं गुन्हा नाही. पण गोळ्या चुकवल्या, ते विचारतील."
विचारू देत.

२४ नोव्हें.
दावा लागून सव्वा वर्ष. आज माझी साक्ष. मालकाच्या वकिलानं विचारलं, "अपघाताआधी दोन वर्षं शुगर होती?" होय. "गोळ्या चुकवत होता?" कधी कधी. "म्हणजे बोट शुगरनं गेलं."
मी म्हणाले, शुगर दोन वर्षं होती, साहेब. बोटही होतं. सुई लागल्यावर गेलं.
न्यायाधीशांनी ते तसंच टाइप करून घेतलं. 

८ डिसें.
सुमन घरी आली. पुढच्या तारखेला तिची साक्ष. म्हणाली, "मी न्हाई येत गं. मला तितंच काम करायचं हाय." चहा केला. पिऊन गेली. राग यायला पाहिजे होता. आला नाही.

१९ जाने.
सुमन नाही. ऑपरेशन केलेले डॉक्टरही आले नाहीत, त्यांची बदली झालीय. त्यांना परत समन्स. पुढची ता. मार्चमध्ये.
व्हरांड्यात मालक समोर आले. "काय मावशी, हात कसा आहे?" अपघातानंतर पहिल्यांदाच विचारलं. मी म्हणाले, "बरा आहे."
जिन्यात वकीलबाई म्हणाल्या, "त्यांना बरा आहे म्हणत जाऊ नका हो."
बरोबर आहे त्यांचं. पण कुणी विचारलं की तोंडातून तेच येतं.