ग्रीझ फिओर्डहून दीड तास

८ सप्टेंबर

पुन्हा उशीर! कॅनडाच्या या बर्फाळ टोकाला ग्रीझ फिओर्डहून आमचं रेझोल्यूट गाव चारशे किलोमीटरसुद्धा नाही. ते छोटं विमान दीड तासात येतं. सामान उतरवायला अर्धा तास धरा. जोआनासी ते घेऊन आला तो जेवणवेळ टळून गेल्यावर. म्हणे, "वारा समोरून होता गं."

विमानतळावर वारा मोजतं कोण? मी! रेडिओवर वैमानिकांना वारा सांगतं कोण? मीच! आणि नवरा मलाच वारा शिकवतो.

११ सप्टेंबर

"वरचा वारा वेगळा असतो," म्हणतो. असेल. पण जाताना समोरून आणि येतानाही समोरूनच?

१९ सप्टेंबर

तिकडच्या रेडिओवर तैविटी असतो. सहज विचारलं, "आमचा माणूस निघाला का?" आधी खोकला. मग, "निघेल की, वहिनी. चहा पितोय." कुणाकडे? "आवाज नीट येत नाहीये, वहिनी!"

मेल्याला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

२७ सप्टेंबर

त्याच्या पिशवीत सीलच्या कातड्याचे बूट. एवढेसे! आम्हाला मूलबाळ नाही. कुणासाठी, हे विचारायची हिंमत झाली नाही. होते तसे ठेवून दिले.

३० सप्टेंबर

दुकानात बायका बोलत होत्या — ग्रीझ फिओर्डच्या मीकाला उन्हाळ्यात मुलगा झाला, बाप कोण ते सांगत नाही. मला बघून साखरेच्या भावावर घसरल्या. मीका! लग्नाआधी हा तिच्याच घराभोवती घिरट्या घालायचा.

आई असती तर तिच्याजवळ जाऊन रडले असते. फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून घरात मी तिचं नावसुद्धा कुणाला काढू देत नाही.

४ ऑक्टोबर

फोनवर हळूच, "श्वास कसाय? झोपला का नीट?" मी मागेच उभी. कोण रे? "इंजिन. इंजिनाचं विचारत होतो."

इंजिनाला झोप लागली का, असं विचारतात वाटतं!

९ ऑक्टोबर

ठरलं. शुक्रवारी सुट्टी घेतलीय, त्याच्याच विमानात बसणार. सांगितलं तर चेहरा पांढराफटक. "तिकडे थंडी आहे गं." आणि इथे काय उकडतंय?

तिच्यासमोरच विचारीन. खरं निघालं तर त्याच्याबरोबर परत यायचं नाही. संसार संपला म्हणायचं.

१३ ऑक्टोबर, ग्रीझ फिओर्ड

मीकाने दार उघडलं. शिव्या तोंडात तयार होत्या. तिने आधी बाळच माझ्या हातात दिलं. "याचा बाप खाणीवर गेला तो फिरकलाच नाही. मी गरोदर असताना तुझी आई स्वप्नात आली, पाणी मागितलं. म्हणून तिचंच नाव ठेवलंय — ऊलायू. फुप्फुसं फार कमजोर होती गं. डॉक्टर जगायची हमी देईनात."

जोआनासी दारातच. "म्हणून सांगितलं नाही. आई दोनदा गेलेली तुला सोसली नसती. आता सासूबाई पोटभर दूध पितात."

गेलेल्याचं नाव बाळाला दिलं की, मुलगा असो वा मुलगी, ते माणूस परत येतं, हे आमच्यात कुणी सांगायला नको. आई मांडीवर आहे. माझं बोट सोडत नाही.