भुंग्याला सांगून

४ फेब्रुवारी

ती. आईस,

सा. न. वि. वि. नमस्कार सध्या पोट परवानगी देईल तेवढाच वाकून. उरलेला बाळंत झाल्यावर.

पत्र बघून कपाळाला हात लावू नकोस. फोनवर आपण दोघी तिसऱ्या मिनिटाला भांडतो आणि तूच आधी ठेवतेस. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, हा मोठा फायदा.

सातवा संपत आलाय. पाय सुजून खांब झालेत, रक्तदाब वर चढलाय आणि डॉक्टरीणबाईंनी काम बंद करायला लावलंय. आमच्या लॅबमध्ये माझ्या टेबलावर तीन कवळ्या अर्धवट पडल्या आहेत. ती तीन म्हातारी माणसं माझ्यावर दातओठ खात असतील म्हणावं, तर त्यांची तीही सोय मी ठेवलेली नाही.

भुंगा सव्वादोन वर्षांचा झाला. गुणगुणतो म्हणून भुंगा नाव ठेवलं, पण खरा घोंगावतो तो माझ्याभोवती. मी न्हाणीघरात गेले की बाहेर फतकल मारून बसतो आणि दाराखालून बोटं आत घालून हलवतो. मी आहे ना, याची खात्री करून घेतो. काल बाळाला भूक लागली असेल म्हणून माझ्या बेंबीत बिस्किटाचा तुकडा कोंबत होता.

तू त्याला दोन महिने तुझ्याकडे ठेवते म्हणालीस. मनावर दगड ठेवून हो म्हणते, कारण त्याला उचलायची मला बंदी आहे आणि त्याच्या बाबाला कधीही कुठेही बंद पडलेल्या लिफ्टचं बोलावणं येतं. पण माझी एक अट आहे. भुंग्याला मी स्वतः घेऊन येणार, चार दिवस राहणार आणि निघताना दारात त्याला समोर धरून सांगणार, की आई जातेय आणि बाळ झालं की येणार. तो रडून घर डोक्यावर घेईल. घेऊ दे. पण तो झोपलाय तोवर सटक, खाऊ आणते सांगून निघून जा, असलं काही करायचं नाही.

कारण तुला माहीत आहे. धाकटा झाला तेव्हा मी पावणेतीन वर्षांची होते. आत्याकडे तू मला खिडकीत उभी केलीस, बिस्किटं आणते म्हणालीस आणि मागच्या दारानं गेलीस. त्या खिडकीचे गज अजून आठवतात मला, गंजलेले, हाताला लाल रंग लागायचा. बाकी काही आठवत नाही. एवढं एक माझ्या पोराच्या वाट्याला नको.

आहे तो लोभ वाढता ठेव, म्हणजे पुढच्या फोनला पाच मिनिटं तरी टिकेल.

तुझी थोरली

१० फेब्रुवारी

चि. थोरलीस,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे पोटातल्याला.

पत्र दोनदा वाचलं. अगं, किती राईचा पर्वत करशील? जेमतेम पंधरा दिवस होतीस तू आत्याकडे. धाकटा अडलेला, माझ्या अंगात रक्त नाही, मी दुसरं काय करणार होते? आणि तू इतकी शहाणी पोर, डोळ्यातून टिपूस काढलं नाहीस. आत्याच म्हणाली होती तसं. आमच्या वेळी मुलांना काय कळतंय म्हणायचे, आणि खरंच कळायचं नाही. तुम्ही आता पोरांना कोर्टात उभं केल्यासारखं सगळं समजावून सांगता.

असो. तुझी अट मान्य. तूच आणायचंस, तूच सांगून निघायचंस. तो रडला तर मी कानात बोळे घालीन. माझा शब्द आहे.

इकडे तयारी जोरात आहे. शिवणयंत्र भिंतीकडे वळवलं, कात्र्या आणि सुया माळ्यावर चढवल्या. आता गिऱ्हाइकाचं बटण लावायचं तरी मला स्टूल लागतं. जुनी तीनचाकी दुरुस्तीला टाकली आहे. दुकानदार म्हणाला, हिच्यात दुरुस्त करण्यासारखं घंटीशिवाय काही उरलेलं नाही. मी म्हटलं घंटीच तर हवी आहे.

पाय उशीवर ठेवून झोप. माझ्यावर चिडायचं तेवढं चिड, माया मात्र पातळ करू नकोस.

तुझी आई

१७ फेब्रुवारी

ती. आईंना,

सादर नमस्कार. पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल पोटात घाला.

कालपासून हिला तीन दिवस देखरेखीसाठी दवाखान्यात ठेवलं आहे. रक्तदाब उतरत नाही. घाबरू नका, बाळ ठीक आहे. पण चार दिवस तुमच्याकडे येऊन राहणं आता होणार नाही, सहा तासांच्या प्रवासाला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं.

काल तुम्ही फोनवर म्हणालात ते मला पटलं. आता निरोपासाठी तिच्यासमोर पोराला आणलं तर तो रडेल, ती रडेल आणि आकडा आणखी चढेल. आमच्या कामात लिफ्टमध्ये माणूस अडकला की आम्ही बाहेरून दोन मिनिटं म्हणतो, तास लागणार असला तरी. खरं सांगितलं की आतला माणूस दार उचकटायला जातो. म्हणून उद्या सकाळी भुंग्याला घेऊन निघतो आणि त्याला तुमच्याकडे सोडून, हे पत्र हाती देऊन रात्रीच्या गाडीने परततो. हिला घरी आल्यावर सांगू. तुम्ही म्हणालात तसं, चिडेल आणि मग निवळेल.

तिला दिलेल्या शब्दाचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जबाबदारी माझी.

आपला, भुंग्याचा बाबा

२२ फेब्रुवारी

चि. थोरलीस,

अनेक आशीर्वाद. आधी पाणी पी, मग वाच.

जावयांनी सांगितलंच असेल. बोल लावायचा तर मला लाव, सुचवलं मीच. तुझा जीव मोठा की माझा शब्द? आई झाल्यावर शब्दाला कधी कधी मुरड घालावी लागते, तुलाही कळेल.

आणि तू ज्याला भीत होतीस तसं काहीच झालं नाही. बाबा बिस्किटं आणतो म्हणून गेले. भुंगा संध्याकाळपर्यंत दाराशी उभा राहिला, मग आपणहून आत आला. रडला नाही. गेले चार दिवस एकदाही रडला नाही! ताटलीतलं सगळं संपवतो, दूध पितो, सांगितलं की झोपतो. ती गुणगुणही करत नाही, घर कसं शांत आहे. तुझं नाव काढत नाही. शेजारीण म्हणाली, असा समजूतदार नातू कुठे मिळतो. थेट तुझ्यावर गेलाय.

निवांत झोप आता. राग उतरला की चार ओळी लिही, वाट बघते.

तुझी आई

२६ फेब्रुवारी

आई,

घरी आले तेव्हा दाराशी त्याचे बूट नव्हते. मी त्याच्या बाबाला विचारलं, तो कुठे आहे. तो म्हणाला, दोन मिनिटं बस, सांगतो. ही दोन मिनिटं मला चांगली ठाऊक आहेत. तासभर अडकलेल्या लोकांना तो हेच सांगतो, हे लग्नानंतर मला हसत हसत त्यानेच सांगितलं होतं.

तुम्ही दोघांनी मिळून माझा केसानं गळा कापलात. परक्यानं केलं असतं तर तोंड सोडलं असतं, पोलिसात गेले असते. तुमच्या बाबतीत कुठे जाऊ? मी एकच गोष्ट मागितली होती. घर नाही, दागिना नाही. माझ्या पोराला मीच सांगेन, एवढंच. तू शब्द दिलास आणि सहा दिवसांत फोन फिरवलास.

आणि तो रडत नाही हे तू मला आनंदाची बातमी म्हणून लिहितेस! आई, हा पोरगा रुमाल हरवला तरी रडतो. केळं मधून मोडलं तर रडतो. मी न्हाणीघरात गेले तर दाराखालून बोटं घालतो. तो गप्प बसलाय, कारण त्याला वाटतंय की मी त्याला टाकून दिलं. गुणगुणत नाही म्हणतेस, आणि तुला घर शांत वाटतं.

घरात आम्हा नवराबायकोत किल्ली कुठे आणि दूध संपलं एवढंच बोलणं होतं. त्याला म्हटलं आजच्या आज जा, आण. तो म्हणतो, तू त्याला फोनवर सांगितलंस की पोर रुळलंय, आता हलवू नका.

मला सहा तास बसता येत असतं तर हे पत्र तुला मिळालंच नसतं, मी आले असते.

थोरली

ता. क. मी आत्याला पत्र टाकलं आहे. किती दिवस होते मी तिच्याकडे, विचारलंय.

३ मार्च

चि. पोरी,

आशीर्वाद. डोळ्यांना कमी दिसतं, ओळी वाकड्या जातील.

तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर हे माझ्याबरोबर जाणार होतं. पंधरा दिवस नव्हे. अकरा महिने होतीस तू माझ्याकडे. तुझी आई पाचदा येऊन गेली आणि पाचही वेळा तू झोपलीस की निघाली. पुढे तू दुपारचं झोपणं सोडलंस. डोळे तांबारलेले, मान पडायची, पण झोपायची नाहीस. रडत मात्र नव्हतीस. आम्ही कौतुक करायचो. आम्हाला अक्कल नव्हती.

शेवटी ती तुला न्यायला आली त्या दिवशी तू ओट्याशी होतीस. तू तिच्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, “या, बसा.” मग दोन्ही हातांनी धरून पाण्याचं भांडं तिच्यापुढे ठेवलंस, माझ्याकडे येणाऱ्या बायकांना ठेवायचीस तसं. तुझी आई मोरीत जाऊन रडली. तेव्हापासून तिनं ते अकरा महिने पंधरा दिवस करून टाकले.

माझंही सांगते, सगळा दोष तिच्यावर नको. चौथ्या महिन्यात ती न्यायला येते म्हणाली होती. मीच कळवलं, राहू दे, रुळलीय. मला मूल नव्हतं. मला तू हवी होतीस.

म्हातारीवर राग धरलास तर तोही गोड मानीन.

तुझी आत्या

८ मार्च

आई,

अकरा महिने.

दोन दिवस तेच म्हणतेय. पंधरा दिवसांचं इतकं जिवाला लागलं म्हणून मी स्वतःला खुळी समजत आले. कोणी निघालं की माझे हात गार पडतात, नवरा दुधाला गेला तरी, आणि तू हसायचीस, हिची तऱ्हाच वेगळी म्हणून. तुला माहीत होतं. माझ्या लग्नात, भुंगा झाला तेव्हा, गेल्या महिन्यात शब्द दिलास तेव्हाही माहीत होतं. टाकून गेलीस त्याचं एक वेळ समजू शकते, तुझ्यावर तेव्हा काय गुदरलं होतं देव जाणे. पण नंतर माझ्याच तोंडावर मला खोटं ठरवत राहिलीस. आणि आता तेच माझ्या पोराशी.

आता एक काम कर. खाली लिहिलं आहे ते भुंग्याला वाचून दाखव. तो जागा असताना, त्याच्यासमोर बसून. एकही शब्द गाळायचा नाही. त्याला वाचता येत नाही, तू गाळलंस तर मला कधीच कळणार नाही. तरी तुलाच सांगावं लागतंय, कारण तिथे दुसरं कोणी नाही.

भुंग्या, हे आईचं पत्र आहे. आईनं तुला पाठवलं नाही. आईला माहीतच नव्हतं. बाबानं आणि आजीनं फसवलं, तुला पण आणि आईला पण. आई दवाखान्यात होती, आता घरी आहे. आई तुझीच आहे. तुला राग आला असेल तर राग कर. रडायचं असेल तर मोठ्यानं रड. आई तुझी वाट बघते.

एवढंच.

थोरली

१३ मार्च

चि. थोरलीस,

आशीर्वाद लिहीत नाही. माझा तुला हवा आहे की नाही, ठाऊक नाही.

वाचलं. दुपारी तो तीनचाकीवर बसला होता, मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. आजीनं फसवलं, तिथे आले तेव्हा जीभ अडली. कोण बघणार होतं? पुढचं वाक्य समोर दिसत होतं, तिथे उडी मारता आली असती. नाही मारली. वाचलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग खाली उतरला, जवळ आला आणि माझ्या तोंडावर चापट मारली. चष्मा पडला. दुसरी मारली. आणि मग त्यानं जे भोकाड पसरलं, शेजारीण धावत आली. मी तिला म्हटलं, रडू दे, त्याच्या आईनंच सांगितलंय. दोन तास झाले, अजून रडतोय, मध्येच थांबून तुला हाक मारतो आणि पुन्हा सुरू करतो. हे लिहितेय तर माझ्या पदराला त्याच्या नाकाचं सगळं पुसलेलं आहे. मी एकदाही गप्प बस म्हटलं नाही.

अकरा महिने खरे. पहिले चार महिने धाकटा जगतोय की जातोय अशी अवस्था होती. पुढच्या सात महिन्यांना कारण नाही. आत्यानं राहू दे म्हटलं आणि मला सुटल्यासारखं झालं. तू रडत नव्हतीस, म्हणून मला सोपं गेलं. पाण्याचं आत्यानं लिहिलंच असेल, पण तू दिलेलं पाणी मी प्यायले होते. ते आत्यानं लिहिलं नसेल, ती तेव्हा मागे वळली होती. तू रिकामं भांडं उचललंस आणि विचारलंस, आणखी हवं का.

त्या दिवशी तू मला मारायला हवं होतंस गं.

उद्या पहाटेच्या गाडीनं भुंग्याला घेऊन निघते. दुपारी तुझ्या दारात असू. हे पत्र आधी दाराखालून आत सरकवीन. आत बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर जिन्यातूनच फिरेन, कोणाकडे तक्रार करणार नाही. पण निघताना त्याला समोर धरून सांगेन, आजी जातेय म्हणून. तो रडला तर थांबेन.

मग तुला सांगेन. तुला सांगायचं राहून गेलंय.

आई