मिळकतीतला ळ

मी, खाली सही करणारा, पाट्या रंगवून पोट भरलेला, बाजारात ‘पाटीवाले दादा’ म्हणून ओळखला जाणारा, वय झालेला पण डोके ठिकाणावर असलेला माणूस, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहवून घेत आहे. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. माझ्या मधल्या भावाने दाब आणून पाहिला, पण त्याला जमले नाही, तेव्हा वरचे वाक्य खरेच आहे. माझी दृष्टी गेल्यामुळे मी तोंडी सांगतो आणि लेखनिक उतरवून घेतात. मधूनमधून ते म्हणतात, “दादा, हे कायद्यात बसत नाही.” बसत नसेल तर उभे राहू द्या, पण लिहा, असे मी त्यांना सांगितले आहे.

१. मी लग्न केले नाही. मला मूलबाळ नाही. मागे भावंडे दोनच. मधला भाऊ, ज्याचे चपलांचे दुकान आहे, आणि धाकटी बहीण. धाकटीला सगळी गल्ली ‘बोबडी’ म्हणायची, कारण लहानपणी तिला ळ म्हणता येत नसे. शाळेला शाला, केळ्याला केलं. इतर मुलांचे असले बोबडेपण दुधाच्या दातांबरोबर जाते. हिचे दात पडले, नवे आले, बोबडेपण तिथेच.

२. मिळकतीचे वर्णन : राहते घर. खाली पुढच्या बाजूस माझी रंगकामाची खोली, मागे स्वयंपाकघर, लाकडी जिना, वर रस्त्याकडे खिडकी असलेली एक खोली. हे घर मला वडिलांच्या मृत्युपत्राने मिळाले. ‘घर पुरुषांकडेच राहावे अशी वडिलांची इच्छा होती’ असे मधला उठता बसता म्हणतो, म्हणून ती इच्छा कशी जन्मली ते इथे नोंदवतो.

वडिलांचा कागद होत होता त्या दिवशी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. धाकटी तेव्हा शाळेची शेवटची परीक्षा देऊन बसलेली. तिने सरळ विचारले, “आणि मला काय?”

वडील हसत म्हणाले, “आधी मिळकत म्हणून दाखव, मग मिळकत घे.”

ती पाणी प्यायली, ताठ बसली आणि म्हणाली, “मिलकत.”

पंगत हसली. मधला तर पाटावरून कलंडला. मी हसलो नाही, यात माझा मोठेपणा नाही, तोंडात घास होता. वडिलांनी थट्टा केली होती, पण कागदावर ती तशीच उतरली. घर माझे, दुकान मधल्याचे, धाकटीला आशीर्वाद. वडील मनाने वाईट नव्हते. जिला शब्द म्हणता येत नाही तिला ती वस्तू कळणार कशी, असे त्यांना खरोखर वाटत असावे.

३. धाकटीचे एकच वेड होते. बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायची. लहानपणी तिथल्या भोंग्यातून येणारा बाईंचा आवाज ऐकून तिने हे ठरवले, आणि ठरवले ते ठरवले. आता पाहा, गाडीची घोषणा म्हणजे काय? सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी, वेळ, वेळेवर, वेळेआधी. नुसता ळ. लंगड्याने दोरीवरून चालायचे ठरवावे त्यातला प्रकार. वाणी सुधारणाऱ्या बाईंकडे मी तिला घेऊन गेलो, तर त्या म्हणाल्या, “वय उलटून गेलं. आता जीभ वळायची नाही.” घरी येताना धाकटी म्हणाली, “दादा, वय उलटलं तर जीभ का नाही उलटायची?”

तिने मला वरच्या खोलीच्या भिंतीवर मोठा ळ काढायला लावला. लाल रंगात, काळी किनार देऊन. रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहून ती घोटायची आणि मी खाली पाट्या रंगवत ऐकायचो. गिऱ्हाईक विचारायचे, “वर कोणाला बरं नाही का?” मी म्हणायचो, “अगदी बरं आहे, म्हणून तर.”

आरशात बघून तिची तिनेच युक्ती काढली. ड म्हणताना जीभ मागे वळते, मग ड म्हणायचा आणि हळूहळू सैल सोडायचा. झाले भलतेच. वेल जाऊन वेड आली. स्थानकाच्या परीक्षेला गेली तेव्हा माइकवर म्हणाली, “गाडीची वेड झाली आहे, प्रवाशांनी कृपया जवड यावे.” परीक्षक साहेबांनी डोळे पुसत पुसत ‘अयोग्य’ असा शेरा मारला. त्या रात्री ती जेवली नाही. मी म्हटले, “जाऊ दे गं, बाकी कामं का कमी आहेत जगात?” तर माझ्याच अंगावर आली. “दादा, वेलपासून वेडपर्यंत आले ना? मध्ये आता थोडंच राहिलंय.”

मी तिच्यापेक्षा मोठा, पण त्या दिवसापासून तिला मनात मोठी मानतो. हे तिला कधी सांगितले नाही. कागदावर असू द्यावे.

माइकच्या जवळपास तरी राहता यावे म्हणून तिने स्थानकावर चौकशीच्या खिडकीत नोकरी धरली. तिथेही लोक मुद्दाम विचारायचे, “बाई, किती वेळ?” ती बोटाने घड्याळ दाखवायची आणि घरी येऊन भिंतीशी भांडायची. परीक्षा देत राहिली, नापास होत राहिली. तिच्याबरोबरच्या मुलींची लग्ने झाली, मुले शाळेत गेली आणि तिथे पहिल्याच दिवशी ळ शिकून आली.

४. मग एका सकाळी घोषणा करणाऱ्या बाईंचा घसा पूर्ण बसला. फलाटावर गोंधळ. स्थानकप्रमुखांनी समोर दिसेल त्या बाईला माइककडे ढकलले, ती धाकटी निघाली. मी तिथेच शिडीवर होतो, भिंतीवरची अक्षरे उजळवत. भोंगा खरखरला. मग आवाज आला : “सकाळची पहिली गाडी वेळेवर सुटेल. सगळ्या प्रवाशांनी फलाटाजवळ यावे.”

एकूण एक ळ जागच्या जागी. एकाही प्रवाशाने वर पाहिले नाही. त्यांच्या दृष्टीने गाडी सुटत होती, बस्स. मी मात्र शिडीवर बसून रडलो, आणि ‘निर्गम’ मधला रफार ओघळला तो कायमचाच. निवृत्त होईपर्यंत त्या भोंग्यात तिचाच आवाज होता. आजही ती सकाळी वर ळ घोटते. कशाला, म्हटले तर म्हणते, “जीभ आळशी असते. सोडली की जुन्या जागी जाऊन बसते.”

५. तरी माझी वर वर्णन केलेली मिळकत मी माझ्या धाकट्या बहिणीस पूर्ण मालकीहक्काने देत आहे. नुसती राहण्यापुरती नाही, अमुक केले तर आणि तमुक केले तर अशीही नाही. मधल्याचे म्हणणे, “तिला वरची खोली आहेच की, मालकी कशाला?” हे म्हणणे मी ऐकले आणि फेटाळले. तिने घर विकावे, ठेवावे, सगळ्या भिंतींवर ळ काढावेत. भिंतीवरचा जुना ळ मात्र चुना मारून पुसू नये, एवढी विनंती आहे, अट नाही.

माझी शिडी मधल्यास. त्याने तिच्यावर चढून स्वतःच्या दुकानाची पाटी पुसावी. ती मी मन लावून रंगवली होती आणि आता तिच्यावर चपला आहेत की चिमण्या, ते कळत नाही असे लोक सांगतात.

माझी शिल्लक आणि सगळे कुंचले मधल्याच्या मुलीस, म्हणजे माझ्या पुतणीस. तिला लोखंडी फाटकांची नक्षी करायची आहे आणि पहिली तीन फाटके वाकडी झाली आहेत. चौथेही वाकडे होईल. तिने आत्याकडे जाऊन बसावे.

६. परीक्षक साहेबांना धाकटीने माफ केले आहे. ती तिची मर्जी. मी केलेले नाही, आणि हे माझे मृत्युपत्र आहे.

७. यापूर्वी मी केलेला कोणताही कागद रद्द समजावा.

सहीपूर्वीची नोंद : मी पाहू शकत नसल्याने हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवणे भाग होते. लेखनिक वाचायला सरसावले. मी म्हटले, धाकटी वाचेल. साक्षीदारांनी कागदावर डोळे ठेवून शब्द न् शब्द ताडून पाहिला. मधला दारात उभा होता. घर कोणाला हे तिला वाचेपर्यंत माहीत नव्हते. पाचव्या कलमात ‘तरी माझी वर वर्णन केलेली’ इथपर्यंत आली आणि थांबली. दारातून मधला हळूच म्हणाला, “म्हण की गं.” यावेळी तो हसत नव्हता.

ती म्हणाली, “मिळकत.”

मला नीट ऐकू आले होते. तरी मी तिला ते कलम पुन्हा वाचायला लावले.

मजकूर ऐकला, समजला, जसा सांगितला तसाच आहे. म्हणून सही करतो.

सही : पाटीवाले दादा (स्वहस्ते. ओळ वाकडी गेली असल्यास दोष डोळ्यांचा, हाताचा नाही.)

साक्षीदार :
१. समोरच्या दवाखान्यातील डॉक्टरीणबाई
२. सकाळच्या पहिल्या गाडीचे निवृत्त चालक

ठिकाण : राहते घर, रंगकामाची खोली
दिनांक : चौदा नोव्हेंबर, रविवार, सकाळची वेळ