तिसऱ्या हॉर्ननंतर

ती. अण्णासाहेब,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग सवयीने लिहिलं. तुमच्या गाडीच्या क्लचने माझा डावा गुडघा कामातून गेला आहे, तेव्हा प्रत्यक्ष भेटीत उभ्यानेच करीन.) आपली तब्येत कशी आहे, वहिनींची कंबर काय म्हणते, पंपदुरुस्तीचं दुकान कसं चाललं आहे, हे सगळं विचारायची पद्धत आहे म्हणून विचारलं. माझा फोन तुम्ही नंबर बघून नेमका कापता, त्या अर्थी तुमचे डोळे आणि बोटं दोन्ही शाबूत आहेत. म्हणून हे पत्र. पत्र कापता येत नाही, फार तर फाडता येतं, पण त्याआधी उघडावं लागतं.

मुद्द्याचं आधी लिहितो. तुमची बहीण घरी नाही. आज एकोणीस दिवस झाले. ती ठणठणीत आहे, आणि खाडीकाठच्या एका झोपडीत राहून पाणमांजरांची मोजदाद करते आहे. ती परत येणार की नाही, हे मला माहीत नाही. तुमच्या कानावर हे आलेलं असणार, आणि ते तिच्या बाजूने आलेलं असणार. माझी बाजू अजून कोणी ऐकलेली नाही, कारण मी बोलायला लागलो की लोकांना कामं आठवतात.

या सगळ्याचं मूळ तुमच्याकडेच जातं. लहानपणी तुम्ही तिला कुठल्याशा ओढ्याच्या तोंडाशी नेऊन पाणमांजर दाखवलंत. ते म्हणे मागच्या दोन पायांवर उभं राहून तुमच्याकडे बघत राहिलं. ही गोष्ट मी लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऐकतो आहे. वर्षातून एकदा ती विचारायची, समुद्राकडच्या जंगलात जाऊ या का, आणि वर्षातून एकदा मी कारण द्यायचो. आगारात माणसं कमी होती, मग घराचं काम निघालं, मग मुलीची शाळा, मग मुलीचं लग्न. निवृत्त झालो आणि माझ्याकडची कारणं संपली. हॉटेलात उतरणं आपल्याला झेपणारं नव्हतं, तेव्हा ठरलं की गाडीतच झोपायचं, घरून ब्रेड आणि उकडलेली अंडी न्यायची, आणि गाडी तुमची मागायची. (मागून आणलेल्या वस्तूबद्दल गप्प बसावं, हे मलाही कळतं. एकोणीस दिवस गप्प बसलो, पुरे झालं.)

त्या गाडीत ड्रायव्हरशेजारी सीटच नाही, पंपाच्या सुट्या भागांची पेटी आहे. त्यामुळे तुमची बहीण चारही दिवस मागे, गादी, स्टोव्ह आणि पाण्याचे कॅन यांच्यामधे. गादी उभी लावल्यामुळे आरशात गादी दिसते, माणूस दिसत नाही. बाजूचं सरकतं दार, तुम्ही ते उलटं बसवल्यामुळे, चढ लागला की आपण होऊन धाडकन बंद होतं. आणि स्टिअरिंग डावीकडे घेतलं की हॉर्न वाजतो. किल्ली देताना तुम्ही म्हणालात, तेवढं चालतं. चाललं असतं, अण्णासाहेब, पण समुद्र सबंध प्रवासात डाव्या हाताला होता. पाण्याकडे जाणारं प्रत्येक वळण डावं. आम्ही पोहोचायच्या आधी आमची वर्दी पोहोचायची, आणि चार दिवसांत आम्ही पक्ष्यांच्या जेवढ्या शेपट्या पाहिल्या तेवढ्या चोची पाहिल्या नाहीत.

आता माझ्या वेळापत्रकाबद्दल. तुमच्याकडे त्याची थट्टा चालते हे मला ठाऊक आहे. चौतीस वर्षं बस आगाराच्या वेळापत्रक विभागात काढलेला माणूस सहलीचं वेळापत्रक करणार नाही तर काय करणार? पाच प्रती काढल्या: एक मला, एक तिला, एक गाडीत, एक घरी, एक राखीव. पहिल्या रकान्यात ठिकाण, दुसऱ्यात पोहोचणे, तिसऱ्यात प्राणी, चौथ्यात सुटणे. पाणपक्षी, थवा: सहा मिनिटं. माकडं: तीन मिनिटं (माकडं आम्ही आगारातही भरपूर पाहिली आहेत). पाणमांजर: पंचवीस मिनिटं. आमच्याकडे लांब पल्ल्याच्या गाडीला जेवणाचा थांबा वीस मिनिटांचा असतो, यावरून मी किती हात सैल सोडला होता ते बघा.

आणि तीन हॉर्नचा नियम. आगारात सुटायच्या वेळी गाडी तीन हॉर्न देते. पहिला चहा पिणाऱ्यांना, दुसरा निरोप घेणाऱ्यांना, तिसरा कोणालाच नाही. तिसऱ्यानंतर गाडी सुटते, राहिला तो राहिला. हाच नियम मी घरी आणला. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून फाटकाशी स्कूटरचे तीन हॉर्न, आणि तिसऱ्याला तुमची बहीण मागे बसलेली. एकतीस वर्षांत एकदाही चुकली नाही. एकदा एकाच पायात चप्पल घालून आली, पण आली. त्याबद्दल तिने कधी ब्र काढला नाही, आणि मी समजत होतो की तिला हे पसंत आहे.

दुसऱ्या दिवशी खारफुटीतून जाणाऱ्या रस्त्यावर खेकडे होते. चार-दोन नव्हेत, रस्ता दिसत नव्हता. मी म्हटलं, हळूहळू गाडी नेतो, होतील बाजूला. तिने स्टोव्हमागचा झाडू काढला, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि गाडीच्या पुढे चालत एकेका खेकड्याला कडेला सारायला लागली. सव्वा किलोमीटर, एक तास दहा मिनिटं. मी तिच्या मागे पहिल्या गिअरमधे, क्लच दाबून (गुडघ्याची सुरुवात तिथे झाली). एका खेकड्याने झाडू धरून ठेवला आणि सोडेना, तेव्हा ती खदखदून हसली. मला राग आला. एवढ्या वर्षांत झाडू हातात असताना ती घरी कधी हसली नव्हती.

तिसऱ्या दिवशी गाडीच्या सावलीत घोरपड येऊन पसरली, नेमकी मागच्या चाकाला टेकून. मी हॉर्न दिला. तिने जीभ बाहेर काढून आत घेतली, बाकी काही हलवलं नाही. मी खाली उतरून टाळ्या वाजवल्या, पाय आपटले, आगारात ड्रायव्हरांवर चालणारा आवाज काढून पाहिला. तुमच्या बहिणीने वर्तमानपत्र पसरलं आणि शेजारच्या झाडाखाली बसली. म्हणाली, झोप झाली की जाईल. पंचावन्न मिनिटं झोपली ती बया. संध्याकाळपर्यंत आम्ही तीन तास वीस मिनिटं मागे पडलो होतो. माझ्या विभागातली एकही गाडी कधी तीन तास उशिरा धावली नाही (एक धावली होती, पण त्या दिवशी पूलच वाहून गेला होता). त्या रात्री मी जेवलो नाही. ती जेवली.

चौथ्या दिवशी सकाळी सव्वाआठला खाडीवर पोहोचलो, अर्थात डावं वळण घेऊन. हॉर्न ऐकून पत्र्याच्या झोपडीतून वनखात्याची रखवालदार बाई बाहेर आली. वयाने पन्नाशीची, एकटी राहते, कामच प्राणी मोजण्याचं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली उतरावंसंच वाटेना. पाणमांजरं किती वाजता येतात, असं मी गाडीतूनच रीतसर विचारलं. बाई म्हणाली, येतील तेव्हा येतील. आमच्या चौकशीच्या खिडकीतून कोणी असं बोललं असतं तर आठवड्यात त्याची बदली झाली असती. तुमची बहीण मात्र तिच्या शेजारी स्टुलावर जाऊन बसली, जणू दोघी एका शाळेतल्या. साडेआठ, नऊ, दहा, काही नाही. पंचवीस मिनिटांऐवजी मी दहा चाळीसपर्यंत मुदत दिली, आणि गाडीतच बसून राहिलो.

दहा छत्तीसला पाणमांजरं आली असावीत. मला गाडीतून फक्त तुमच्या बहिणीची पाठ दिसत होती. दहा चाळीसला मी पहिला हॉर्न दिला. मग दुसरा. तिने मागे न बघता हात वर केला; मी त्याचा अर्थ ‘आले’ असा घेतला, कोणीही घेतला असता. म्हणून गाडीचं तोंड फिरवून ठेवावं एवढ्याच हेतूने मी स्टिअरिंग डावीकडे घेतलं, आणि तिसरा हॉर्न तुमच्या गाडीने आपण होऊन दिला. हे मी तुम्हाला स्पष्ट सांगून ठेवतो. मी दोनच दिले. तिसरा तुमच्या दुरुस्तीचा. गाडी चढाला लागली, मागे दार धाडकन बंद झालं, म्हणजे ती बसली. एकतीस वर्षं ती तिसऱ्याला बसत आली आहे.

पुढे सत्तेचाळीस किलोमीटर मी तिच्याशी बोलत होतो. उशीर कसा भरून काढता येईल ते सांगितलं. त्या बाईच्या कामात शिस्त कशी नाही ते सांगितलं. तुमच्याबद्दल बोललो (ते इथे लिहीत नाही). मधे एकदा म्हणालोही की तुला समुद्र बघायचा होता, बघ, आता दिसतोय. मागून उत्तर आलं नाही. त्यात मला वेगळं काही वाटलं नाही, घरीही येत नाही. बारा वाजता ठरलेल्या थांब्यावर गाडी उभी करून मी अंडं सोललं, मीठ लावलं आणि मागे न बघता हात मागे केला. ते कोणी घेतलं नाही. मी तसाच हात धरून बसलो होतो, चांगली दोन-तीन मिनिटं, आणि म्हणत होतो की घे, रुसायचं ते खाऊन रुस.

शेवटी मागे वळून पाहिलं तर गादीमागे कोणीच नव्हतं, तेव्हा गाडी फिरवून खाडीवर परत गेलो. वाटेत तयारी केली होती की ती रडेल, भांडेल, तुमचं नाव काढून मला चार गोष्टी सुनावेल. ती स्टुलावर होती. डोळ्यांना बाईची दुर्बीण, मांडीवर माझं वेळापत्रक, उलटं, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर तिने रकाने आखलेले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तिसरं पिल्लू अजून परतलेलं नाही. तुम्ही निघा, तुम्हाला उशीर होईल.” आवाजात राग नव्हता, त्याचाच मला जास्त त्रास झाला. बाईने आणखी एक स्टूल बाहेर आणून ठेवलं. आणि मी घड्याळ बघितलं. पुढचा थांबा सव्वाचारचा होता. मी निघालो.

गाडी तुमच्या दुकानासमोर लावली, किल्ली तुमच्या मिस्त्रीकडे दिली आणि तुम्ही आतून बाहेर यायच्या आत शेपूट घालून घरी आलो. घर वेळेवर चाललं आहे. कशालाच उशीर होत नाही. खालची इस्त्रीवाली रोज विचारते, ताई कधी येणार. तिने ताईंचे कपडे इस्त्री करून ठेवले आहेत आणि माझ्या हातात द्यायला तयार नाही. माझी बाजू ही अशी आहे. वडीलधारे या नात्याने तुम्ही तिला चार शब्द लिहावेत, संसार म्हणजे काय ते समजावावं, एवढीच विनंती. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद आणि क्लचला माझ्या गुडघ्याचे शाप.

आपल्या बहिणीचा नवरा
(सध्या कागदोपत्री)

ता. क. तिला काही लिहू नका. आत्ताच तिचं पत्र आलं. त्या बाईने बाजाराला जाताना टाकलं असणार. आठ ओळी पाणमांजरांबद्दल आहेत. तिसरं पिल्लू संध्याकाळी सापडलं, हॉर्नने बिथरून रस्त्याखालच्या सिमेंटच्या नळात जाऊन बसलं होतं. नववी ओळ: गोळ्या वेळेवर घ्या. अण्णासाहेब, ती वेळ मला माहीत नाही. ती पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहिली की ती वेळ, असं आजवर चालत होतं. माझ्या एकाही रकान्यात ते लिहिलेलं नाही.

आणखी ता. क. तिसरा हॉर्न तुमच्या गाडीने दिला, हे खोटं. वळण यायच्या आधी मीच दिला, हाताने, दाबून. आणि तिचा वर केलेला पंजा उघडा होता. ‘आले’ म्हणणारा माणूस असा पंजा धरत नाही. मला ते तेव्हाच कळलं होतं. दहा चाळीस झाले होते, एवढंच.

शेवटचं. गाडी मला पुन्हा हवी आहे, येत्या रविवारी. हॉर्नची तार मुळापासून कापून द्या, मला तो अजिबात नको. आणि ती पंपाची पेटी काढून माझ्या शेजारी सीट बसवून द्या. ती आली तर तिथे बसेल. नाही आली, तर सीट रिकामी आहे हे मला दिसत राहील, आणि सत्तेचाळीस किलोमीटर मी उगाच बोलत बसणार नाही.