किसनमामा आणि ट्रामचा ॲक्सलबॉक्स

४ मार्च, सोम.
टँकर आजही नाही. तिसरा दिवस. शेजारच्या फाउंड्रीत साच्याची वाळू भिजवायला पाणी नाही म्हणून ओतकाम बंद, आणि ओतकाम बंद म्हणून माझं पॅटर्नचं शॉप रिकामं. चिकलठाण्याच्या सगळ्या कारखान्यांत हेच रडगाणं.
सुधीरनं (धाकटा भाऊ, इंग्लंडात नोकरीला) एक काम पाठवलंय. तिथं काही म्हातारी माणसं हौसेनं जुन्या ट्राम दुरुस्त करतात. ही ट्राम म्हणे कुणाच्या शेतात कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली होती. चाकाच्या आसाच्या टोकाला बसतो तो लोखंडी ॲक्सलबॉक्स तुटलाय. तसे चार हवेत. तुटका तुकडा आणि जुनं ड्रॉइंग, दोन्ही आलंय.
शॉपचे जुने कारागीर किसनमामा तुकडा उलटसुलट बघून म्हणाले, "खुराड्याचा लईच थाट!"

७ मार्च, गुरु.
मामांनी साग काढला. आधी लाकडात हुबेहूब पॅटर्न, तो वाळूत दाबून साचा, मग लोखंड. लोखंड थंड होताना आकसतं, तेवढा पॅटर्न मोठा ठेवायचा. हे गणित मामा मनातच करतात. माझ्या वडिलांनी, अप्पांनी शिकवलं. बहात्तरच्या दुष्काळात मामा अजिंठ्याकडनं मेंढरं सोडून आले ते अप्पांच्याच हाताखाली. अप्पा गेल्यावर "शॉप विकू नको" म्हणणारे एकटे तेच.
दुपारी: "सुनंदा, तुकडा अन् ड्रॉइंग जुळत नाय. भोकं सरकल्यात."
मी टँकरवाल्याशी फोनवर भांडत होते. "ड्रॉइंगप्रमाणं करा मामा."
"व्हय, पण..."
"ड्रॉइंगप्रमाणं."

१६ मार्च, शनि.
टँकर आला एकदाचा. पहिला नग ओतला, नमुना म्हणून कुरियरनं रवाना. देखणा झालाय.
फाउंड्रीवाल्या शेठनी चहाला बोलावून बातमी दिली. जागा बिल्डरला विकली. भट्टी ३० एप्रिलपर्यंत, मग तिथं फ्लॅट. बिल्डरच्या पाटीवर पोहण्याचा तलाव काढलाय. निळाशार. आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी.
दुसरी फाउंड्री चार नगांसाठी दारात उभं करणार नाही. म्हणजे जे काय ते दीड महिन्यात.

८ एप्रिल, सोम.
नमुना नापास. तिकडचे पीटर साहेब लिहितात, भोकं जागेवर येत नाहीत, बसतच नाही. फार सभ्यपणे लिहिलंय, त्यानं जास्तच डोकं फिरलं.
शॉपमध्ये फाउंड्रीचे चौघं बसलेले. त्यांच्यादेखत मी मामांना म्हणाले, "दिसत नसेल तर सांगायचं ना! डोळे गेलेत तुमचे, अन् नाव माझं खराब."
मामांनी पटाशी पुसून जागेवर ठेवली. "येतो," म्हणाले. तीन वाजले होते. सहाच्या आत ते कधी गेले नाहीत.

१० एप्रिल, बुध.
मामा नाहीत. फोन बंद. चूक त्यांची, अन् रुसायचं त्यांनीच?

१४ एप्रिल, रवि.
जयंती. आमच्या गारखेड्यात सकाळपासून ढोल, निळे झेंडे. अप्पा होते तेव्हापासून मामा आजच्या दिवशी आमच्याकडं जेवायला. त्यांच्यासाठी खीर केली. दोनपर्यंत वाट पाहिली. मग मामींना फोन लावला.
"गावाकडं गेलेत. भावाच्या मेंढरांना पाणी नाय."
बहाणा वाटला.

१७ एप्रिल, बुध.
पीटर साहेबांची मेल. ड्रॉइंग दुसऱ्याच ट्रामचं निघालं. त्यांच्याच कपाटातली अदलाबदल. "तुमचं काम ड्रॉइंगला अचूक आहे, चूक आमची. कृपया तुकड्यावरून करा."
तीनदा वाचली. आधी त्यांचा राग. मग सुधीरचा, विनाकारण. मग...
जुळत नाय, असं मामांनी मला सांगितलं होतं.

१९ एप्रिल, शुक्र.
शहरातल्या तीन पॅटर्नवाल्यांना विचारलं. "कॉम्प्युटरची फाइल पाठवा मॅडम." फाइल कुठली? तुटका तुकडा आहे. मग मीच रंधा घेऊन बसले. दोन दिवसांत एक फळी वाया आणि अंगठा कापला. शेठ म्हणाले, अठ्ठावीसला शेवटची भट्टी पेटवतो, पॅटर्न आणायचा तर तेव्हा आण.

२१ एप्रिल, रवि.
सकाळच्या एसटीनं मामांच्या गावी. पिशवीत तुकडा, साग, रंधा, पटाश्या.
बहाणा नव्हता. टँकरपाशी मामा बादल्या भरत उभे, मागं भावाची मेंढरं, बरगड्या मोजता याव्यात अशी.
"मामा, ड्रॉइंगच चुकीचं होतं. तुम्ही म्हणाला होता. मी चुकले."
"मला तवाच ठाव होतं." बादली माझ्या हातात दिली. "धर. त्या लंगडीला आधी पाज."
पाजलं. दुसरीलाही.
मग म्हणाले, "डोळ्याचं बोललीस त्याचं काय नाय. कमी दिसतंयच आता. पण चौघांत बोललीस. माझं चुकलं तर अप्पा बाजूला घेऊन सांगायचे."
"त्याच चौघांसमोर माफी मागते. चला."
"अन् ही मेंढरं? भाऊ एकटा काय काय करंल?"
मी अठ्ठावीसच्या शेवटच्या भट्टीचं सांगितलं. त्यांनी पुढची बादली भरली.
निघताना त्यांनी तुकडा उन्हात धरला, डोळ्यांजवळ नेला, भोकांवरनं अंगठा फिरवला.
"हे ठेवून जा. साग बी."
"येताल ना मामा?"
"एसटी जाईल. पळ."
पिशवी तिथंच ठेवून आले.