तीन हजारांवरची सुरुवात

प्रिय टीगन,

गेल्या रविवारी जुन्या धावपट्टीवर गाड्यांच्या शर्यतीत तू पुन्हा हरलीस आणि सगळ्यांदेखत मला म्हणालीस, "बाबा, तू भित्रा आहेस!" कुंपणापाशी सॉसेज खात उभी असलेली मंडळी हसली. मीही हसलो. तुझं काही चुकलं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं.

सुरुवात कशी घ्यायची हे तुला मीच शिकवलं. टायर घासून गरम करायचे, रेषेवर पहिल्या गिअरात थांबायचं, इंजिनाचे फेरे चढवून ठेवायचे, क्लच जेमतेम धरू लागेल तिथवर आणायचा आणि शेवटचा पिवळा दिवा दिसताच सोडायचा. हिरव्याची वाट बघणारा तिथेच हरतो. चाकं जागच्या जागी फिरली, तर ऍक्सिलरेटर किंचित सैल. हे सगळं तुझ्या पायांत माझ्याहून छान बसलंय. फक्त फेरे मी कधी मिनिटाला तीन हजारांच्या पुढे जाऊ दिले नाहीत. बाकीचे सहा हजारांवर क्लच सोडतात. "चढव की, म्हातारा बघत नाहीये," असं पोरं तुला चिडवतात, ते मला ऐकू येतं.

तुझा क्लाइव्हकाका सहावरच सोडायचा. त्या दिवशी त्याने क्लच सोडला आणि क्लचला लागून असलेलं लोखंडी चाक फुटून गाडीचा तळ फाडत वर आलं. त्याचा डावा पाय घोट्यापासून गेला. एकोणीस वर्षं तो मला म्हणतोय, "मर्व्ह, चूक माझीच रे, मीच इंजिन फार पिळलं." आणि मी त्याला चहा ओततो.

इंजिन झटकन चढावं म्हणून ते चाक मीच लेथवर पातळ केलं होतं. नको तेवढं. त्याच्यासोबतच तसंच आणखी एक केलं, ते आजवर तुझ्या पिवळ्या गाडीत होतं. बदललं असतं, तर का बदललं हे सांगावं लागलं असतं. तीन हजारांवर टिकेल, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो. लाज वाटते गं.

काल तू फोनवर म्हणालीस, "या रविवारी सहा हजार, तू काहीही म्हण." म्हणून आज तू कामावर गेल्यावर मी गिअरबॉक्स उतरवून ते काढलं. चाक तुझ्या टेबलावर, या पत्राशेजारी आहे. दोरीला टांगून हातोडीने हलकेच वाजव. धड लोखंड घणघणतं. हे नुसतं ठक्क करतं, म्हणजे आत तडा गेलाय; मी तीनदा वाजवून पाहिलं. मग ते घेऊन क्लाइव्हकडे ये. मी तिथेच बसलोय. तू येईपर्यंत मी त्याला सांगितलेलं असेल. नसेल, तर तू सांग.

तुझाच,
भित्रा बाबा