माझी सतरंजी, तिची सभा

शनिवार, संध्याकाळ. बख्शी का तालाब, लखनौजवळ.

पालकसभेची मेहनत माझी आणि नाव झालं शुक्ला मॅडमचं. मुली पाचवीनंतर शाळा सोडतात, म्हणून त्यांच्या आयांशी बोलायचं होतं. मी वर्गात खुर्च्या मांडल्या, फळ्यावर रंगीत खडूने 'स्वागत' लिहिलं. खुर्च्यांवर बसले कोण, तर गावातले सासरे! आया घुंघट ओढून दाराबाहेर उभ्या. इथे सासऱ्यासमोर सून खुर्चीवर बसत नाही, हे मला साताऱ्याच्या बाईला कोण सांगणार?

शुक्ला शाळेत नवी, पण इथलीच. तिने मागच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरली. माझी सतरंजी! बघता बघता सगळ्या तिच्याभोवती. एक तर घुंघट सारून म्हणाली, "बिटिया को आगे पढ़ाएँगे, मैडम." एवढं ऐकायला मी वर्षभर झटतेय, आणि ते ऐकायला मिळालं तिला?

"दीदी, आपकी दरी बड़ी काम आई," म्हणत तिने सतरंजीची घडी माझ्या हातात दिली. गोड बोलते मेली.

घरी सतरंजी झटकली, तर कुणा आईच्या हिरव्या बांगडीचा तुकडा पडला. माझ्या खुर्च्यांखाली काहीच नव्हतं. पुढच्या सभेला तिने सतरंजी मागितली तर धुवायला टाकलीय म्हणेन. आणि व्हरांड्यात मीच अंथरीन.